अंबुजाक्कांचे अर्धा एकर गवत

हे लिहिण्याचा मला कोणताही अधिकार नाही, याची जाणीव ठेवूनच आरंभ करते आहे. नोकरीत असताना मी इतरांनी लिहिलेल्या पत्रांचे मसुदे तपासले. स्वतःचे म्हणून एक पानही कधी लिहिले नाही. चौसष्टाव्या वर्षी लेखणी हाती घेणे आणि तेही जिला विचारले असते तर तिने ‘माझ्यावर लिहावयाचें? दुसरें काम नाहीं का?’ म्हणून फटकारले असते अशा बाईविषयी, हे धार्ष्ट्यच आहे. वाचकांनी ते पोटात घालावे. मला तिचे चरित्र ठाऊक नाही. जे पाहिले तेवढेच सांगते.

अंबुजाक्का आणि मी मैलापुरातल्या एका विमा कचेरीत शेजारशेजारच्या टेबलांवर एकोणीस वर्षे बसलो. मी मूळची सांगलीकडची, लग्नानंतर चेन्नईत आलेली. त्या तंजावरकडच्या मराठी घराण्यातल्या. पूर्वज कधीतरी तिकडे गेले आणि तिथलेच झाले. कचेरीत रुजू झाले त्या दिवशी मी त्यांना मराठीत विचारले, “पिण्याचं पाणी कुठे मिळेल हो?” त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले, काही क्षण माझे वाक्य जणू जिभेवर घोळवले आणि म्हणाल्या, “तुमची मराठी फार नवी आहे. पाणी तिकडे, जिन्यापाशीं. उकळलेलें पाहिजे तर मज पुसा.”

त्यांच्या मराठीला तमिळचा हेल होता, आणि शब्द मात्र माझ्या पणजीच्या काळचे. त्या ‘विचारा’ऐवजी ‘पुसा’ म्हणत, ‘नको’ऐवजी ‘नलगे’. मध्येच ‘सरी’ हा ‘ठीक आहे’ अर्थाचा तमिळ शब्द ठेवून त्या वाक्य बंद करीत, आणि एकदा ‘सरी’ झाले की त्या विषयावर पुढे बोलणे नसे.

उंचीने त्या जेमतेम पावणेपाच फूट होत्या. अंगावर कडक इस्त्रीचे सुती लुगडे, कपाळावर विभूतीची बारीक रेघ, हातात लांब दांड्याची पुरुषी छत्री. छत्री उन्हासाठी नव्हे, बसमध्ये जागा करून घेण्यासाठी आहे, असे त्या स्वतःच सांगत. वाचायला घेतलेले परिपत्रक शेवटच्या ओळीपर्यंत, सहीखालच्या हुद्द्यासकट, वाचल्याशिवाय त्या खाली ठेवीत नसत. मी एकदा म्हटले, “अक्का, सारांश वर दिलेला असतो.” त्या म्हणाल्या, “सारांश लिहिणारा घाईंत असतो. मी नाहीं.”

त्यांच्या स्वभावाचा एक नमुना मला तेव्हाच पाहायला मिळाला होता. चेन्नईजवळच्या कोवलमच्या एका मच्छिमाराच्या विधवेचा दावा नावातल्या तफावतीमुळे अडला होता. ती बाई तीनदा आली, तीनदा परत गेली. चौथ्या वेळी साहेब म्हणाले, साक्षीदारांच्या सह्या आल्या की पाहू. रविवारी अंबुजाक्का स्वतः बसने कोवलमला गेल्या, नावा किनाऱ्याला लागेपर्यंत वाळूत छत्री उघडून बसल्या, आणि मासळी उतरवणाऱ्या दोघांच्या सह्या घेऊन आल्या. सोमवारी त्या कागदाला माशाचा वास येत होता. साहेबांनी नाक मुरडले. अक्का म्हणाल्या, “सर, फाईलीस पाय नसतात. कोणीतरी चालावें लागतें.” दावा त्याच आठवड्यात मंजूर झाला.

अशी बाई निवृत्त झाल्यावर काय करील, याविषयी कचेरीत पुष्कळ थट्टा चाले. कोणी म्हणे, देवळाचा कारभार हाती घेतील. कोणी म्हणे, देवालाच शिस्त लावतील. त्या गवत लावतील, हे मात्र कोणाच्याही मनात आले नाही.

गवताचे कारण चेल्लम्मा. चेन्नईबाहेर ओरगडमच्या अलीकडे, मोठ्या रस्त्यापासून आत, अक्कांच्या दिवंगत यजमानांनी कधीकाळी घर बांधण्यासाठी अर्धा एकर जागा घेतली होती. घर झाले नाही. एक जुनी विहीर, कडेला एक कडुनिंब आणि बाकी मोकळे रान. शेजारीच चेल्लम्माचे घर व गोठा. तिच्या सहा गाई होत्या. आजूबाजूला पडीक जमिनी होत्या तोवर त्या गाई सकाळी सुटत आणि संध्याकाळी पोट भरून येत. मग मोटारींचे कारखाने आले, त्यांच्यामागून गोदामे आली, आणि प्रत्येक रानाला कुंपण पडले. गाई रस्त्याच्या कडेने फिरू लागल्या. एक मालमोटारीखाली सापडता सापडता वाचली. चेल्लम्माची दोन्ही मुले कारखान्यात पाळीवर जात. त्यांनी आईच्या मागे लकडा लावला की गाई काढून टाक.

अक्का निवृत्तीनंतर पहिल्याच आठवड्यात जागा पाहायला गेल्या, तेव्हा मला सोबत नेले. चेल्लम्मा तमिळमध्ये बोलली. मी अर्थ मराठीत देते. “अम्मा, माट्टु पोंगलपर्यंत ठेवते. त्या दिवशी शिंगं रंगवीन, हार घालीन, ओवाळीन. दुसऱ्या दिवशी व्यापारी येईल. नुसत्या पेंढ्यावर सहा जणी जगवायच्या कशा? उपाशी जनावराच्या डोळ्यांत बघवत नाही.” तिने हे रडत सांगितले नाही. हात कोंड्यात होते आणि ती कोंडा कालवतच राहिली. तिच्या मागे काळी गाय, करुप्पी, भिंतीवरून सोललेला एका सिनेमाचा कागद चघळत उभी होती.

परतताना बस तांबरमला आली. तेव्हा अक्का म्हणाल्या, “हा प्रश्न पैशाचा नव्हे, पोरांचा नव्हे. हा प्रश्न गवताचा आहे. आणि गवत उगवतें. सरी.”

माट्टु पोंगलला, म्हणजे संक्रांतीच्या दुसऱ्या दिवसाला, तेव्हा सहा महिने उरले होते.

त्यांनी एका शेतकी केंद्रात जाऊन चौकशी केली. दुभत्या जनावरांसाठी भरपूर उत्पन्न देणारे संकरित नेपियर गवत असते. आपण त्याला हत्तीगवत म्हणतो. उसासारखी त्याची दोन डोळ्यांची कांडी लावतात. अडीच महिन्यांत पहिली कापणी आणि मग दर दीड महिन्याला एक, अशी वर्षानुवर्षे. अर्ध्या एकरात सहा गाईंची वैरण सहज निघते. अक्कांनी तिथले माहितीपत्रक शेवटच्या ओळीपर्यंत वाचले असणार, याविषयी मला शंका नाही. तरीही चूक झाली, आणि ती तंजावरच्या माणसाकडूनच व्हावी अशी चूक होती.

पत्रकात ‘लागवडीनंतर लगेच पाणी द्यावे’ असे होते. तंजावर हा भाताचा मुलूख. तिथे शेताला पाणी देणे म्हणजे शेत भरणे. बांध घालायचे, चिखल करायचा आणि पाण्याचा आरसा करून ठेवायचा. अक्कांनी लहानपणी दुसरे शेत पाहिलेच नव्हते. त्यांनी मजूर लावून चारी बाजूंनी बांध घातला, चिखल केला, दोरी धरून दोन-दोन फुटांवर कांड्या लावल्या आणि विहिरीचे पाणी सोडले. मी त्या दिवशी गेले तेव्हा अर्धा एकर आभाळ जमिनीवर उतरल्यासारखे चमकत होते. कडेला अक्का उभ्या होत्या. लुगड्यावर मुलाचा जुना लांब बाह्यांचा सदरा, पायांत कॅनव्हासचे बूट. “कसें दिसतें?” त्यांनी विचारले.

मी “छान” म्हणाले. येथे मला एक कबुली द्यायची आहे. माझ्या मामांचा ऊस होता. उसाची कांडी सरीत लावतात, ओल देतात, पण पाण्यात बुडवून ठेवीत नाहीत, हे मी सुट्टीत कितीतरी वेळा पाहिले होते. ते पाणी पाहताच मला मामांचे शेत आठवले. पण ऊस वेगळा, गवत वेगळे, आणि शिकल्यासवरल्या अक्कांना मी काय सांगावे, असे मनाशी म्हणून मी गप्प राहिले.

तीन आठवड्यांनी कांड्या कुजल्या. वास रस्त्यापर्यंत येत होता. चेल्लम्माचा मोठा मुलगा सेल्वम पाळीवरून येता येता बांधावर थांबून म्हणाला, “अम्मा, हे गवत गाईंसाठी की माशांसाठी?” चेल्लम्माने त्याला घरात हाकलले, पण तीही अक्कांकडे बघायचे टाळत होती. सहा महिन्यांपैकी जवळजवळ दोन संपले होते.

अक्कांनी बांध एका ठिकाणी फोडला. पाणी काढून दिले, सदऱ्याच्या बाह्या वर केल्या आणि एकेक कांडी उपटून पाहायला बसल्या. अगदी प्रत्येक. ज्या कांडीचा डोळा काळा पडला होता ती डावीकडे, जिच्यात जीव असल्याची शंका होती ती उजवीकडे. दुपारपर्यंत उजवीकडे काहीच जमले नव्हते. मग त्या बांधावर बसल्या, आणि बसता बसता त्यांचा हात कशाला तरी लागला. मजुरांनी उरलेल्या पंधरा-वीस कांड्या फेकवेनात म्हणून बांधाच्या उंच मातीतच खोचल्या होत्या. त्या सगळ्या फुटल्या होत्या. वीतभर उंच, तलवारीच्या पात्यासारखी हिरवी पाने.

“वासंतीबाई,” अक्का हळूच म्हणाल्या, “शेत करावयाचें तें बांधावरच होतें.”

तेव्हा मला राहवले नाही. मामांच्या उसाचे मी सांगून टाकले. माझी मान खाली होती. त्यांनी हातातली कांडी खाली ठेवली.

“ठाऊक होतें?”

“पुरतं नव्हतं. वाटलं होतं.”

“वाटलें होतें, तर देवानें तोंड कशास दिलें? चटणी खावयास?” आणि मग, राग गिळून, “उद्यां साडेनवाला या. सरी कशी पाडतात तें दाखवा.”

माझ्या आयुष्यात मला कोणी शेतकामाचे मार्गदर्शन मागितले, तो हा एकच प्रसंग. मी मामांना फोन केला. दुसऱ्या दिवशी छत्रीच्या दांड्याने जमिनीवर रेघा ओढून दाखवल्या. मजुरांनी सऱ्या पाडल्या, मातीचे उंच वरंबे केले आणि वरंब्याच्या कुशीत नव्या कांड्या लागल्या.

तेव्हापासून अक्का गवताची नोकरी करू लागल्या. सोमवार ते शनिवार, सकाळी दहाला शेतावर हजर. एक वाजता कडुनिंबाखाली डबा, त्यात दहीभात आणि आंबटभाजी. साडेचारला परतीची बस. रविवारी सुट्टी. एकदा मी विचारले, “रविवारी गवत वाढत नाही का?” त्या म्हणाल्या, “वाढतें. पण त्यासही वाटावें, साहेब नाहींत.”

ऑक्टोबरात तिकडचा मोठा पाऊस लागला. शेजारच्या गोदामाचे अंगण तळे झाले, रस्ता गेला. गुडघाभर पाण्यातून जाऊन अक्कांनी चेल्लम्मासोबत कुदळीने चर खणला आणि सऱ्यांमधले पाणी बाहेर काढले. चिखलाने माखलेल्या त्या दोन बायका एकमेकींना काय म्हणत होत्या ते पावसात मला ऐकू आले नाही, पण दोघी हसत होत्या. वरंबे टिकले. नोव्हेंबर संपता संपता गवत अक्कांच्या डोक्यावर गेले होते.

पहिल्या कापणीला आम्ही सगळे हजर होतो. जमिनीपासून चार बोटे राखून विळा कसा मारायचा हे अक्कांनी पत्रकात वाचून पाठ केले होते. चेल्लम्माने पहिला भारा उचलला आणि करुप्पीच्या पुढ्यात टाकला.

करुप्पीने हुंगले, फुर्र केले आणि तोंड फिरवले.

दुसरी गाय, तिसरी गाय, तेच. जन्मभर सुका पेंढा, रानातले खुरटे गवत आणि भिंतींवरचे कागद खाल्लेल्या त्या गाईंना ही लांब, खरखरीत, रसदार पाने अन्न वाटेनात. सेल्वम भिंतीला टेकून उभा होता. “अम्मा, सिनेमाचं पोस्टर चिकटवून बघा त्यावर,” तो म्हणाला. या वेळी चेल्लम्माने त्याला हाकलले नाही. तिने भारा उचलून बाजूला ठेवला आणि म्हणाली, “पोंगलला दीड महिना आहे, अम्मा. तुम्ही पुष्कळ केलंत.”

मी अक्कांकडे पाहिले. मला वाटले, आता तरी त्या बसतील. त्या म्हणाल्या, “चेल्लम्मा, तुझी सून घरांत आली तेव्हां पहिल्या दिवशीं तिनें तुझा रसम खाल्ला का?”

“नाही,” चेल्लम्मा म्हणाली. “तिखट म्हणाली.”

“मग?”

“मग थोडा थोडा भातात घालून...” आणि चेल्लम्मा थांबली.

दुसऱ्या दिवसापासून अक्का विळ्यावर गवत बोट-बोट लांबीचे कापू लागल्या. पहिल्या दिवशी एक मूठ हिरवे, बाकी पेंढा, वर कोंड्याचे पाणी शिंपडलेले. दुसऱ्या दिवशी दोन मुठी. बोटे कापली, सदऱ्याच्या बाह्या पानांच्या धारेने फाटल्या. करुप्पी चलाख होती. पेंढा खाऊन हिरवे तुकडे जिभेने बाजूला सारून ठेवी, आणि अक्का ते पुन्हा पेंढ्यात कालवीत. “तुझ्याहून हट्टी साहेब मी पाहिले आहेत,” त्या तिला मराठीत सांगत. अकराव्या की बाराव्या दिवशी सकाळी अक्का पोहोचल्या तेव्हा गव्हाण लख्ख होती. करुप्पीने मान लांबवून त्यांच्या काखेतल्या भाऱ्यातून एक अख्खे पान ओढले आणि उभ्या उभ्या खाल्ले. त्या संध्याकाळी मला फोन आला. “खाल्लें,” एवढेच त्या म्हणाल्या, आणि नाक ओढल्याचा आवाज झाला. मी सर्दी झाली का म्हणून विचारले, तर फोन ठेवला.

माट्टु पोंगलला शिंगे रंगली, हार पडले, ओवाळणे झाले. दुसऱ्या दिवशी व्यापारी ठरल्याप्रमाणे टेम्पो घेऊन आला. चेल्लम्मा दारात उभी राहिली. “एक तरी द्या,” तो म्हणाला, “इतक्या लांबून आलो.” चेल्लम्माने हात लांब करून गवत दाखवले. “ते बघ. एवढं गवत दाराशी असताना गाय विकली तर गाव मला काय म्हणेल?” टेम्पो रिकामा परतला. अक्का त्या वेळी शेताच्या दुसऱ्या टोकाला होत्या. त्यांनी मागे वळूनही पाहिले नाही. पण त्या दिवशी, प्रथमच, त्या साडेचारच्या ऐवजी चारला निघाल्या.

यानंतर सात वर्षे हे चालले. दर दीड महिन्याला कापणी, सऱ्यांची डागडुजी, शेणखत, दोन ओळींमध्ये चवळी. सहाच्या आठ गाई झाल्या. सेल्वमने पुढे कडबाकुट्टी यंत्र आणले आणि ते अक्कांना चालवू मात्र दिले नाही. “बोटं दहाच आहेत, अम्मा,” तो म्हणाला. आसपासच्या गावांतून कांड्या मागायला माणसे येत. अक्का देत, पण आधी परीक्षा घेत. “पाणी कसें देणार?” उत्तर चुकले तर कांडी मिळत नसे.

मी त्यांना शेवटचे पाहिले ते गेल्या भाद्रपदात. गवत कापणीला आले होते, माणसाच्या उंचीच्या वर गेले होते. निघताना मी रस्त्यावरून हाक मारली, “अक्का, येते मी.” आतून आवाज आला, “या. सांभाळून.” त्या दिसत नव्हत्या. पावणेपाच फुटांची बाई त्या गवतात कुठून दिसणार? फक्त शेंडे हलत होते. एका ओळीतले शेंडे हलायचे, थांबायचे, मग पुढचे हलायचे. ओळ संपली की पुढच्या ओळीत सुरुवात. बस येईपर्यंत मी ते पाहत उभी राहिले. हलणे एकदाही घाईचे झाले नाही. शेताच्या त्या टोकाला ते पोहोचले आणि तिथून पुन्हा माझ्याकडे वळले, तेवढ्यात बस आली.

तीन आठवड्यांनी, झोपेतच, त्या गेल्या.

त्यांचा मुलगा बंगळुरात असतो. सभ्य, हळवा, आईवर जीव असलेला मुलगा आहे. आई गेल्यावर कापणी कधी चुकली नाही, चेल्लम्मा आणि सेल्वम ती करतात. परंतु शेजारच्या गोदामवाल्याला ती जागा हवी आहे. मुलाने मला पत्र लिहिले. “मावशी, आईला त्या जागेचं काय झालेलं आवडलं असतं, हे तुमच्याइतकं कोणाला ठाऊक नाही. मला त्यातलं काही कळत नाही. तुम्ही सांगाल तसं करीन.”

आठ दिवस मी त्या पत्राची उघडझाप करीत राहिले. माझा त्या जागेशी काही संबंध नाही. त्याच्या घरातल्या अडचणी मला ठाऊक नाहीत. त्याला दोन मुली आहेत, त्यांची शिक्षणे आहेत. इकडे आठ गाई आहेत. नवव्या दिवशी मी त्याला एका ओळीचे उत्तर लिहिले, खाडाखोड न करता: ‘विकू नकोस. गवत तसेच राहू दे.’ आणि कोणाला न विचारता टपालपेटीत टाकले.

त्याला आता चार दिवस झाले. वाचकहो, ते लिहिण्याचा मला अधिकार होता का?